तराफे सोडण्याआधी खडपं पाहा

१९२७ च्या हिवाळ्यात फ्रेडरिक बर्गेसेन नावाचे डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ मुंबईत आले. वय साठीच्या पुढे. ओहोटीच्या वेळा साधत त्यांनी पश्चिम भारताचा खडकाळ किनारा पायाखाली घातला. मुंबई, द्वारका, ओखा अशा ठिकाणी वाकून वाकून समुद्री शेवाळ गोळा केलं, वाळवलं, मायदेशी नेलं आणि पुढची कित्येक वर्षं त्यावर लिहीत राहिले. पश्चिम किनाऱ्यावरच्या शेवाळाची ओळख पटवताना त्यांचे ते निबंध आजही उघडावे लागतात. तपकिरी शेवाळाच्या एका प्रजातीला त्यांनी मद्रासचे शैवालतज्ज्ञ एम. ओ. पी. अय्यंगार यांच्यावरून ‘इयंगारिया’ असं नाव दिलं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर ती हिवाळ्यात भेटते.

पुढे १९५४ मध्ये भावनगरला केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था उभी राहिली, आणि आज गोव्यात असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये. भारताच्या किनाऱ्यावर शेवाळाच्या साडेआठशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या. गोव्याच्या संस्थेतल्या उंटवाले, धारगळकर यांच्यासारख्या संशोधकांनी महाराष्ट्र-गोव्याच्या किनाऱ्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. म्हणजे माहिती अगदीच नाही असं नाही, पण ती शोधनिबंधांतून गावापर्यंत उतरलीच नाही. मालवणचं शाळकरी पोर वीस मासे नावानिशी ओळखतं. शेवाळाच्या दोन जातींतला फरक मात्र त्याला कुणी दाखवलेला नसतो.

आता शेवाळाला अचानक भाव आला आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये राखून ठेवले गेले आणि २०२५ पर्यंत ११.२ लाख टन उत्पादनाचं लक्ष्य ठरलं. २०२१ च्या अर्थसंकल्पात तामिळनाडूत बहुउद्देशीय शेवाळ उद्यान उभारण्याची घोषणा झाली. देशाचं उत्पादन मात्र अजून लाख टनांच्या आतच आहे. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाने परदेशातून जिवंत शेवाळ आयात करण्याची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. लक्ष्य हुकलं म्हणून बियाणं बाहेरून आणायचं, असा या घटनांचा क्रम दिसतो.

कोकणाने शेवाळशेतीत जरूर उतरावं. मासळी घटते आहे, तरुण मुंबईला जात आहेत, किनाऱ्यावरच्या बायकांना स्वतःच्या हातात पैसा देणारं काम हवं आहे. पण हे काम परदेशी बियाण्यावर आणि दिल्लीहून आलेल्या उद्दिष्टांवर उभं करणं चूक ठरेल. आधी आपल्या खडपांवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, काय उगवतं ते मोजायला हवं, आणि शेतीही इथल्याच जातींची व्हायला हवी.

खडपांवर काय काय असतं, ते पाहायला मार्गशीर्ष-पौषातली अमावास्या किंवा पौर्णिमा गाठावी. उधाणाच्या दिवशी भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटी खाली उतरते आणि एरवी पाण्याखाली असलेला भाग तास-दोन तास उघडा पडतो. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ले, रेडी. मुंबईत कुलाबा, हाजी अली, वांद्रे. गोव्यात हणजूण, वागातोर, काब द राम. खडक असेल तिथे शेवाळ असतं. त्याला मुळं नसतात. बुडाशी असलेल्या चकतीसारख्या किंवा तंतूंच्या पकडीने ते दगडाला धरून राहतं. पोषक द्रव्यं आणि पाणी ते सगळ्या अंगाने शोषतं, त्यामुळे मातीशी त्याचं काही देणंघेणं नसतं. सरकत्या वाळूत मात्र पकड मिळत नाही.

वरच्या, जास्त वेळ उघड्या राहणाऱ्या पट्ट्यात हिरवं शेवाळ: उल्वाची पातळ, चमकदार पानं आणि तंतू. जरा खाली डबक्यांत कॉलर्पा दिसतं. त्याची आडवी दांडी, वर उभे पिसारे आणि खाली खडक धरणारे तंतू हे सगळं मिळून एकच पेशी असते. आत असंख्य केंद्रकं, पण पेशींना वेगळं करणाऱ्या भिंती नाहीत. शेजारी पंख्याच्या आकाराचं पडायना; त्याच्या अंगावर चुन्याच्या पांढऱ्या रेषा. मग ग्रॅसिलारियासारखी लाल शेवाळं, आणि अगदी खाली, लाटा फुटतात तिथे, सारगॅसमचं तपकिरी रान. सारगॅसमच्या फांद्यांवर मिरीएवढे हवेचे फुगे असतात. त्यांच्या जोरावर ते पाण्यात उभं राहतं. ओहोटीला ते खडकावर आडवं पडतं, पाणी परतलं की पुन्हा उभं होतं.

हिरवं, तपकिरी आणि लाल यांतला फरक नुसता रंगाचा नाही. हिरवं शेवाळ जमिनीवरच्या झाडांच्या नात्यातलं. तपकिरी शेवाळाचा वंश त्यांच्यापासून फार पूर्वी पार वेगळा झालेला; आंब्याशी त्याचं जवळचं नातं काहीच नाही. लाल शेवाळातलं रंगद्रव्य खोल पाण्यात पोचणारा निळा-हिरवा उजेड पकडतं, म्हणून लाल शेवाळाच्या काही जाती जिथे जवळजवळ अंधार असतो तिथेही तग धरतात. १९८४ मध्ये बहामा बेटांजवळ २६८ मीटर खोलीवर चुन्याचं कवच असलेलं लाल शेवाळ वाढताना सापडलं. असंच चुनखडी शेवाळ प्रवाळांच्या भिंतींमध्ये सिमेंटचं काम करतं; मोकळे तुकडे सांधतं.

ग्रॅसिलारियाबद्दल २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक शोध तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेत शिकवावा असा आहे. लाल शेवाळाच्या नरपेशींना पोहण्यासाठी शेपटी नसते. पाण्याचा प्रवाह त्यांना नेईल तिथे त्या जातात, असं मानलं जाई. फ्रान्समधल्या संशोधकांना दिसलं, की शेवाळावर राहणारे आयसोपॉड नावाचे छोटे संधिपाद प्राणी अंगाला चिकटलेल्या नरपेशी मादी शेवाळापर्यंत पोचवतात. फुलांवर मधमाश्या करतात तेच काम. त्या बदल्यात त्यांना शेवाळात आडोसा मिळतो आणि अंगावर वाढलेले सूक्ष्म जीव खायला मिळतात. शेवाळ खरवडून नेलं तर हे प्राणीही जातात, आणि हे प्राणी गेले तर उरलेल्या शेवाळाच्या पुनरुत्पादनालाही फटका बसू शकतो.

सारगॅसमच्या रानात तर वस्तीच असते. गोगलगायी, झिंगे, कुर्ल्यांची पिल्लं, माशांची बोटभर पोरं तिथे लपतात. हिरवी कासवं शेवाळ चरतात. लाटांचा जोर हे रान थोडा कमी करतं. मासळीच्या बाजारात शेवाळाला किंमत नाही, पण बाजारात येणाऱ्या काही मासळीचं लहानपण त्यात जातं.

कोकणाच्या पावसाळ्यात यातलं बरंचसं नाहीसं होतं. जूनमध्ये समुद्र खवळतो, नद्या गढूळ गोडं पाणी आणतात, लाटा खडपं धुऊन काढतात. उल्वा आणि सारगॅसम पुन्हा जोमात येतात ते ऑक्टोबरनंतर. पण नेमकं याच पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास, महाराष्ट्र-गोव्याच्या उघड्या खडकांवर लाटांचे तुषार उडतात त्या पट्ट्यात एक पातळ, जांभळट-तपकिरी शेवाळ उगवतं. त्याचं नाव पायरोपिया व्हिएतनामेन्सिस. पूर्वी त्याला पॉर्फिरा म्हणत. सुशीवर गुंडाळतात ती जपानी नोरी ज्या शेवाळांची बनते, त्यांचं हे सख्खं नातेवाईक. बाकीच्यांनी मान टाकलेली असते तेव्हा हे वर येतं आणि पाऊस सरला की दिसेनासं होतं.

दिसेनासं होतं म्हणजे कुठे जातं? हा प्रश्न जपान्यांनाही शतकानुशतकं पडलेला होता. नोरीची शेती ते करत, पण बी कुठून येतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. उत्तर मिळालं इंग्लंडमध्ये. कॅथलीन ड्रू-बेकर यांना लग्न केल्यामुळे मँचेस्टर विद्यापीठातली अध्यापनाची नोकरी गमवावी लागली होती. विवाहित स्त्रियांना नोकरीवर न ठेवण्याचा तिथला नियम होता. त्या विनावेतन संशोधन करत राहिल्या. १९४९ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की शिंपल्यांच्या आत वाढणारे गुलाबी तंतू, ज्यांना तोवर वेगळंच शेवाळ समजत, ते पॉर्फिराच्याच आयुष्यातला एक टप्पा आहेत. जपानी संशोधकांनी लगेच कालवांच्या शिंपल्यांवर बी तयार करण्याची पद्धत बसवली आणि नोरीचा आजचा उद्योग त्यावर उभा राहिला. १९६३ मध्ये कुमामोतोतल्या उतो इथे मच्छिमारांनी ड्रू-बेकर यांचं स्मारक उभारलं. त्या कधी जपानला गेल्या नव्हत्या. १९५७ मध्येच त्यांचं निधन झालं होतं. दरवर्षी १४ एप्रिलला तिथे त्यांची आठवण केली जाते.

कोकणात कालवांच्या शिंपल्यांची वाण नाही, आणि या घराण्याचं आपलं शेवाळ आपल्या खडपांवर आहे. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, मच्छिमार घरांत पैशाची चणचण असते, आणि हे शेवाळ त्याच पावसाळ्यात उगवतं. पावसाळी खडकावर उतरून ते खुडणं जिवाचा खेळ आहे. तसं कुणी करू नये. पण शिंपल्यांतला टप्पा प्रयोगशाळेत वाढवून, खाडीच्या आडोशाला त्याची लागवड होते का, हे नेटाने तपासण्यावर काही लाख रुपये खर्च करायला काय हरकत आहे? परदेशी बियाण्याच्या आयातीला धोरण आहे, या देशी जातीला नाही. हा क्रम उलटा आहे.

उपयोगांचं म्हणाल तर शेवाळ मराठी घरात केव्हाच आलेलं आहे. उन्हाळ्यात ज्या ‘चायना ग्रास’ची जेली लावतात, तो अगार, लाल शेवाळातून काढलेला. १८८१ च्या सुमारास फॅनी हेस यांनी तो रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत सुचवला आणि जीवाणू वाढवण्याची घट्ट, उन्हाळ्यातही न वितळणारी बैठक सूक्ष्मजीवशास्त्राला मिळाली. टूथपेस्ट आणि आइस्क्रीम दाट करणारं कॅराजिनन लाल शेवाळाचं. कापडछपाईच्या रंगात आणि दंतवैद्याच्या साच्यात वापरतात ते अल्जिनेट तपकिरी शेवाळाचं. आयोडीन हे मूलद्रव्यच १८११ मध्ये बर्नार्ड कुर्त्वा यांना शेवाळाच्या राखेत सापडलं.

महाराष्ट्राला सर्वांत जवळचा उपयोग शेतीतला आहे. द्राक्ष, डाळिंब, भाजीपाला करणारे शेतकरी शेवाळाचा अर्क फवारतात. इफ्कोचं ‘सागरिका’ खतांच्या दुकानांत सहज मिळतं. २०२१ मध्ये केंद्राने जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणलं, त्यात शेवाळाचे अर्कही आले. बाजारातल्या अनेक अर्कांचा कच्चा माल मात्र आयर्लंड, नॉर्वे, कॅनडाच्या थंड समुद्रातल्या अस्कोफायलम या शेवाळाचा असतो. नाशिकची बाग आणि देवगडची खडपं एकाच राज्यात आहेत, तरी बागायतदार अटलांटिकचं शेवाळ फवारतो.

गुरांच्या पोटातला मिथेन कमी करण्यासाठी अॅस्पॅरॅगॉप्सिस या लाल शेवाळाचे ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत प्रयोग झाले. काही चाचण्यांत चिमूटभर शेवाळाने मिथेन ऐंशी टक्क्यांहून अधिक घटला. पण त्यातला गुणकारी घटक ब्रोमोफॉर्म आहे. तो दुधात किती उतरतो, गुरांवर दीर्घकाळात काय परिणाम होतो, हे तपासल्याशिवाय आपल्या गोठ्यात तो आणण्याची घाई नको. कार्बन क्रेडिटच्या जाहिरातींबाबतही हेच. खारफुटी कार्बन आपल्या पायाखालच्या चिखलात गाडून ठेवते. खडकावरच्या शेवाळाखाली चिखल नसतो. त्याचा जो अंश तुटून खोल समुद्रात जाऊन गाडला जातो, तेवढाच दीर्घकाळ टिकतो. शेतात वाढवून कापलेलं, खाल्लेलं, अर्क काढलेलं शेवाळ आपला कार्बन लवकरच परत हवेत सोडतं. शेवाळाची बाजू मांडायला खऱ्या गोष्टी पुरेशा आहेत.

आता तामिळनाडूतल्या मन्नारच्या आखाताकडे वळू; शेवाळावर जगण्याचा अनुभव तिथे जुना आहे. रामेश्वरम, पांबन, मंडपम या भागात साठच्या दशकापासून बायका शेवाळ वेचतात. डोळ्यांवर गॉगल, कमरेला जाळी, दगडांनी सोलवटू नयेत म्हणून बोटांना कापडाच्या पट्ट्या. श्वास रोखून बुडी मारायची, जेलिडिएला किंवा सारगॅसम खुडून वर यायचं, पुन्हा बुडी. मदुराईकडच्या अगार आणि अल्जिनेटच्या कारखान्यांना हा माल जातो. १९८६ मध्ये तिथली २१ बेटं सागरी राष्ट्रीय उद्यानात आली आणि वेचण्यावरच्या बंदीची अंमलबजावणी जसजशी कडक झाली, तसतशा या बायका त्यांच्याच समुद्रात गुन्हेगार ठरू लागल्या. त्यांनी स्वतःच नियम बसवले: महिन्यातले ठरावीकच दिवस वेचायचं, प्रजननाच्या काळात हात लावायचा नाही, शेवाळ बुडापासून खरवडायचं नाही. या कामातल्या पुढाकारासाठी चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ मध्ये सीकॉलॉजी या अमेरिकी संस्थेचा पुरस्कार मिळाला. शेवाळ कधी वाढतं, कधी थांबायचं, हे या बायकांना कळत होतं. नियम करताना त्यांना विचारलं मात्र गेलं नाही.

त्याच समुद्रात दुसरी गोष्ट घडली. कॅपाफायकस अल्वारेझी हे मूळचं आग्नेय आशियातलं लाल शेवाळ, कॅराजिननसाठी जगभर वाढवलं जाणारं. १९८४ मध्ये भावनगरच्या संस्थेने ते जपानहून प्रयोगासाठी आणलं. नव्वदच्या दशकात ते मंडपमला पोचलं, २००० च्या सुमारास पेप्सिको कंपनीने करारशेती सुरू केली. बांबूचे चौकोनी तराफे, दोरीला बांधलेले तुकडे, पंचेचाळीस दिवसांत कापणी. हजारो कुटुंबांना पैसा मिळाला, आणि बायकांना बुड्या न मारता काम मिळालं. हे श्रेय नाकारता येणार नाही.

मात्र हे शेवाळ तुकड्यापासून वाढतं. दोरीवरून निसटलेला तुकडा जिथे अडकेल तिथे नवी वसाहत सुरू करू शकतो. २००८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये संशोधकांनी दाखवलं, की कुरुसडाई बेटाजवळ कॅपाफायकस जिवंत प्रवाळांवर पसरलं आहे. त्याच्या जाड थराखाली उजेड न मिळून प्रवाळ गुदमरत होते. हाताने उपटून काढलं तरी उरलेल्या बारीक तुकड्यांतून ते पुन्हा उगवत होतं. हवाईतल्या कानेओहे उपसागरात हेच आधी घडून गेलं होतं. सत्तरच्या दशकात आणलेलं शेवाळ तिथल्या प्रवाळांवर पसरलं होतं. म्हणजे धोका ठाऊक असतानाच इथे शेती वाढवली गेली. पुढे २०१३-१४ च्या सुमारास हे पीकही मोठ्या प्रमाणात मेलं आणि उत्पादन कोसळलं. वर्षानुवर्षं एकाच रोपाचे तुकडे करून वाढवलेलं पीक म्हणजे सगळी रोपं जवळजवळ एकसारखी. पाणी तापलं किंवा रोग आला की सगळी एकदम बसतात.

मालवणात प्रवाळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं ते उगाच नाही. खडक, सारगॅसमची रानं आणि प्रवाळ एवढ्या जवळजवळ असलेल्या जागा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर फार थोड्या आहेत. या पाण्यात किंवा प्रवाहाने इथे पोचू शकेल अशा जागी कॅपाफायकसचा एकही तराफा सोडू नये. शेती करायची तर ग्रॅसिलारियासारख्या इथल्या जातींची. त्यांचा तुकडा निसटला तर तो आपल्याच घरी जातो. उत्पन्न कॅपाफायकसएवढं नसेल, हे मान्य करून चालावं.

भूगोलही वेगळा आहे. मन्नारच्या आखाताला बेटांचा आडोसा आहे. कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यापासून तराफे पाण्यात ठेवता येणार नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा तर पावसाळाही लागला नव्हता. ऑक्टोबरअखेर ते मे, एवढाच काळ हाती आहे, आणि त्यातही नदीमुखांपासून दूर, पुरेशा खाऱ्या आणि आडोशाच्या जागा मोजक्या. वर्षभराच्या उत्पन्नाची आकडेमोड करून बचत गटाला कर्ज देणारा अधिकारी त्या बायकांना अडचणीत टाकेल.

आणि पाणी रिकामं नाही. सिंधुदुर्गात रापणीचे संघ किनाऱ्यालगत जाळं टाकून ओढतात. कुठल्या किनाऱ्यावर कुणाची रापण, याचे पिढ्यानपिढ्यांचे अलिखित करार आहेत. कालवं काढणाऱ्या बायका, पर्यटकांच्या होड्या, स्नॉर्कलिंग, सगळं त्याच अर्धा-एक किलोमीटरच्या पट्ट्यात. तिथे कंपनीला भाडेपट्टा देऊन तराफ्यांची रांग लावली, तर शेवाळाआधी भांडण उगवेल. अभयारण्याची घोषणा गावाशी न बोलता झाली म्हणून मालवणात जो अविश्वास तयार झाला, तो अजून पुसलेला नाही. पट्टा द्यायचा तर तो गावच्या मच्छिमार सहकारी सोसायटीला आणि महिला गटांना, रापणीच्या जागा सोडून.

झांझिबारचा अनुभव इथे कामाचा आहे. १९८९ च्या सुमारास तिथे शेवाळशेती सुरू झाली. करणाऱ्यांत बहुसंख्य बायका. पहिल्यांदा त्यांच्या हाती स्वतःचा पैसा आला, घरं बांधली गेली, मुलं शाळेत गेली. पण वाळवलेलं शेवाळ निर्यातदार ठरवील त्या भावाने जात राहिलं, आणि समुद्र तापू लागल्यावर जास्त भाव मिळवून देणारी जात उथळ पाण्यात मरू लागली. मग शास्त्रज्ञ फ्लॉवर मसुया यांच्यासारख्यांच्या मदतीने काही गटांनी शेवाळाची पूड, साबण, खाद्यपदार्थ करायला घेतले. कच्चा माल विकणाऱ्यापेक्षा पक्का माल करणाऱ्याच्या हाती जास्त पैसा राहतो, हे कोकणाला काजू आणि आंब्याने कधीच शिकवलं आहे. अर्क काढण्याचं छोटं यंत्र वेंगुर्ल्यात बसलं, तर द्राक्षबागायतदाराला इथला माल मिळेल. मांडवी खाडीत खारफुटीची सफर घडवणाऱ्या वेंगुर्ल्याच्या ‘स्वामिनी’ गटाच्या बायकांनी समुद्राशी निगडित व्यवसाय चालवून दाखवला आहे. अशा गटांना उत्पादन, प्रक्रिया आणि विक्री तिन्ही मिळायला हवीत. नुसती दोरी बांधण्याची मजुरी नको.

खडपांवरचा मोठा घाव मात्र शेतीतून आलेला नाही. धूपप्रतिबंधक बंधारे, टेट्रापॉड, भराव, जेट्ट्या आणि सांडपाणी यांनी तो केला आहे. मुंबईचा किनारी रस्ता बांधताना २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळ वसाहती हलवण्यात आल्या, कारण वन्यजीव कायद्याने प्रवाळाला सर्वोच्च संरक्षण आहे. त्याच खडकावरच्या शेवाळासाठी त्या कायद्यात जागा नाही; ते भरावाखाली गेलं तरी त्याच्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. उरलेल्या मुंबईत काही खडकांवर उल्वाची दाट हिरवी चादर दिसते, ती पाहून आनंद वाटायचं कारण नाही. सांडपाण्यातल्या नायट्रोजनवर उल्वा फोफावते आणि बाकीच्या जातींना हुसकावते. शेवाळ जड धातूही शोषून घेतं. म्हणून प्रदूषण मोजायला ते उत्तम आहे, पण महानगराच्या किनाऱ्यावरचं शेवाळ खाण्याच्या बाजारात आणू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावा लागेल.

जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत आणि त्यांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. किनाऱ्यावरच्या गावांच्या नोंदवह्यांत शेवाळाचं पान असायला हवं. ते भरायला कालवं फोडणाऱ्या बायकांइतकं योग्य कुणी नाही. ओहोटीच्या वेळी त्या खडपावरच असतात आणि कुठलं शेवाळ कुठल्या महिन्यात येतं ते त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. जातीची खात्री करायला रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय, तिथलंच सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि दोनापावलची समुद्रविज्ञान संस्था आहेत. एका ऑक्टोबरपासून पुढच्या सप्टेंबरपर्यंत दर उधाणाला नोंद केली, तर पावसाळ्यातल्या पायरोपियासकट पूर्ण वर्ष हाती येईल. नोंदणाऱ्या बायकांना दिवसाची मजुरी द्यायलाच हवी. योजनेतल्या ६४० कोटींपुढे ही रक्कम नगण्य आहे.

तोवर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने दोन गोष्टी लेखी कराव्यात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या पाण्यात परदेशी शेवाळाच्या लागवडीला परवाना मिळणार नाही, आणि देशी जातींच्या प्रायोगिक शेतीचा प्रत्येक अर्ज, त्याचा नकाशा आणि रापणीच्या जागांपासूनचं अंतर यांसह, ग्रामसभेत वाचल्याशिवाय सहायक आयुक्तांच्या टेबलावर जाणार नाही.